मगरीची दोन पानं

खेळाची पानं घरीच छापायची ही कल्पना माझ्या मुलीची. नोकरीपायी ती वर्षभर अहमदाबादला पीजीत राहिली आणि तिथल्या मुलींनी हा खेळ धरला होता. गोल बसायचं. प्रत्येकाला गुपचूप एक पान मिळतं, त्यावर तुम्ही कोण ते लिहिलेलं असतं. दोघं जण लांडगे, बाकीचे गावकरी. सगळ्यांनी डोळे मिटले की लांडगे एकाला खाणार. डोळे उघडले की गावकऱ्यांनी बोलून, भांडून लांडगा कोण ते ओळखायचं आणि मत देऊन त्याला बाहेर काढायचं. थोडक्यात, खोटं कोण बोलतंय ते हुडकायचं. "आई, तू पहिल्याच फेरीत मरशील," मुलगी म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही, नुसतं चिडता येतं." हे खरं आहे.

तिने कुठूनशी उतरवून घेतलेली चित्रं मला मुळीच आवडली नाहीत. टोप्या घातलेले गोरे गावकरी, धुक्यातलं जंगल. मी म्हटलं, बडोद्यात लांडगा कोणी बघितलाय? इथे विश्वामित्री नदी फुगली की मगर येते, पार्किंगमध्ये स्कूटरच्या शेजारी पसरते, आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत सगळी सोसायटी बाल्कनीत उभी राहून सल्ले देते. तेव्हा लांडग्याची झाली मगर आणि गावाची झाली सोसायटी. दोन मगरी, एक वॉचमन, एक डॉक्टर, सहा रहिवासी, अशी दहा पानं. वॉचमनने डोळे मिटायच्या वेळी एकाकडे बोट दाखवून तो मगर आहे का ते खेळ चालवणाऱ्याला खुणेने विचारायचं, डॉक्टरने एकाला वाचवायचं. खेळ चालवणारी मी, म्हणजे सोसायटीची सेक्रेटरी. सेक्रेटरीला पान नसतं. ती नुसती आरडाओरडा करते, त्यामुळे ते काम माझ्याकडे आपोआप आलं.

चित्रं मी काढली. शाळेत लायब्ररी सांभाळून अठ्ठावीस वर्षं झाली, पुस्तकांना पुठ्ठे चढवायची सवय हाताला आहेच. पण खरं सांगायचं तर ती सवय अण्णांची. माझे वडील. आमचे खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून बडोद्याला आले. त्यांच्यानंतर घरात कुणी तलवार धरली नाही. अण्णांनी कटर धरला. एका मोठ्या छापखान्यात बाइंडिंग खात्याचे फोरमन म्हणून ते निवृत्त झाले. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला कागदाची ग्रेन शिकवली होती. कागदातले तंतू एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने फाडला तर कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. आणि ओल लागली की तो त्या दिशेलाच धरून वळतो. दोन कागद चिकटवायचे तर दोन्हींची ग्रेन एका बाजूला हवी, पुस्तकातली सगळी पानं एका बाजूला हवीत. ही एक गोष्ट ज्याला कळली तो बाइंडर, बाकी सगळे हमाल, असं ते म्हणायचे.

दुसरी त्यांची शिकवण म्हणजे कतरण फेकायची नाही. उरलेली पट्टी जपून ठेवायची, कधी ना कधी ती कामाला येते. आमच्या घरात अजून अशा पट्ट्यांचा डबा आहे.

पानं मी एका कामाच्या दिवशी, एकटीने केली. घरच्या प्रिंटरवर जाड कागदावर चित्रं छापली, पाठीला निळा कागद लावला. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पाट्याखाली दाबून ठेवली, मग पट्टी धरून कापली, नाणं ठेवून कोपरे गोल केले. आठ पानं झकास झाली. मगरींची मात्र दोन्ही बिघडली, प्रिंटरने हिरव्या रंगात रेघा मारल्या. जाड कागद संपला होता. डब्यात एक पट्टी सापडली, त्यात दोन पानं बसत होती, पण आडवी. मी बसवली. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की बघा, कतरण कामाला आली.

आता अण्णांचं सांगायला हवं, कारण हा खेळ आमच्याकडे रविवार-रविवार चालू राहिला तो त्यांच्यामुळे. वय ब्याऐंशी. आई गेल्यापासून अकोट्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मी मांजलपूरला. मधे अर्धं शहर. आठवड्यातून तीनदा मी स्कूटरवरून जाऊन येते. धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो. अण्णांनी आयुष्यात कधी कुणाला बोलावलं नाही. "यायची काही गरज नाही, माझं सगळं ठीक आहे," हे त्यांचं पेटंट वाक्य. आई गेली त्या दिवशीसुद्धा भावाला फोनवर म्हणाले होते, "सावकाश ये, घाई करू नकोस."

त्या उन्हाळ्यात त्यांनी दोनदा दूध गॅसवर ठेवून करपवलं. दुधाचं काय, माझंही करपतं. पण मग एका मंगळवारी ते माझ्याकडे यायला म्हणून निघाले आणि तीन तासांनी मला करजणहून एका दुकानदाराचा फोन आला. दादा इकडे बसलेत, चहा पाजलाय, घाबरू नका. बडोद्यातल्या बडोद्यात यायला निघालेला माणूस भरूचच्या रस्त्यावर करजणला उतरतो. मी न्यायला गेले तर म्हणाले, "जरा फिरून आलो." परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही, आणि माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

मग भावाचे आणि माझे फोन सुरू झाले. त्याचं म्हणणं, अण्णांनी आता एकटं राहू नये, फ्लॅट बंद करून बेंगळुरूला यावं. माझं म्हणणं, त्यांना अकोट्याच्या जिन्यापासून तोडलं तर ते महिन्यात संपतील. तरी माझा जीव टांगणीला लागलेला असायचाच. फोन उचलायला चार रिंगांहून उशीर झाला की मी स्कूटरची किल्ली शोधायला लागायचे. शेवटी ठरलं की भाऊ चार दिवस येईल, स्वतः बघेल, डॉक्टरांची वेळ घेऊ, आणि मग काय ते ठरवू. अण्णांना आम्ही हे सांगितलं नाही, पण ते काही दूधखुळे नव्हते.

दरम्यान आषाढ लागला आणि खेळ सुरू झाला. रविवारी चार वाजता, चहाबरोबर. मी अण्णांना स्कूटरवर घेऊन यायचे. माझा नवरा, मुलगी, तिची एक मैत्रीण, शेजारचं गुजराती जोडपं आणि त्यांच्या बा, म्हणजे आई, असे अण्णांना धरून सात जण. जास्तीची रहिवाशांची पानं बाजूला ठेवायचो. खेळताना पान एकदा बघायचं आणि समोर टेबलावर पालथं ठेवायचं, पुन्हा हात लावायचा नाही, हा माझा नियम. बा सत्तरीच्या, आणि खोटं बोलण्यात आमच्या सगळ्यांच्या वरताण. मगर असल्या की जास्तच देवाचं नाव घ्यायच्या.

अण्णा पहिल्या रविवारी पान घेऊन नुसते बसून होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी मत देताना शांतपणे माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. नवरा मगर निघाला. पुढच्या डावात बांकडे. बासुद्धा मगर. "दादा तो बहु पाक्का," बा म्हणाल्या आणि त्यांनी आपलं पान असं टाकलं जणू कुणी त्यांची पर्स धुंडाळली. त्यानंतर हे दर रविवारचं झालं. बाकीचे तावातावाने भांडायचे, तू मघाशी असं का म्हणालास, तू हसलीस का. अण्णा चहा पीत बसायचे आणि शेवटी एक बोट उचलायचे. दहांत आठ वेळा बरोबर. ते स्वतः मगर असले की मात्र लवकर हरायचे, आणि त्या वेळी ते आपलं पान चष्म्याच्या घराखाली ठेवायचे. हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावला नव्हता.

भाऊ आला तो असाच एका शनिवारी. रविवारी तोही खेळायला बसला. त्या दिवशी तीन डाव झाले आणि तिन्ही डावांत अण्णांनी पहिल्याच मताला मगर पकडली. तिसऱ्या डावात ती मगर म्हणजे भाऊच होता, आणि तो कंपनीत माणसांच्या मुलाखती घेण्याचं काम करतो. तो इतका खूश झाला की स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "ताई, ह्या माणसाला तू विसराळू म्हणतेस? सात माणसांचं बोलणं लक्षात ठेवून खोटं ओळखतोय तो. मला जमलं नाही." त्याने डॉक्टरांची वेळ रद्द केली. करजणचं काय, असं मी विचारलं. "चुकीच्या बसमध्ये कुणीही बसतं," तो म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपले.

पुढे दोन आठवड्यांनी, श्रावणात, खेळ संपून मंडळी गेल्यावर मी टेबल पुसत होते. हवा दमट होती, मीठसुद्धा गोळा होत होतं. पानं तशीच पालथी पडली होती. फडकं लागलं तशी त्यातली दोन डुगडुगली. बाकीची लांब कडांनी किंचित उचलली होती, कौलासारखी. ही दोन उलट, आखूड टोकांनी उचलली होती, होडीसारखी. फरक इतका बारीक की माहीत नसलेल्याला वर्षभर दिसला नसता. मी दोन्ही उलटली. दोन्ही मगरी.

आडवी बसवलेली पट्टी. बाइंडरची मुलगी मी, दहाव्या वर्षी ग्रेन शिकलेली, आणि दिव्याखाली अंधार. पण माझ्या चुकीचा राग दोन मिनिटं टिकला. मग दुसरी गोष्ट कळली आणि मी खुर्चीवर बसले. अण्णा चेहरे वाचत नव्हते. अण्णा कागद वाचत होते.

आधी मला संताप आला. आम्हा सगळ्यांना, बांना, स्वतःच्या मुलाला, त्यांनी रविवारमागून रविवार बनवलं होतं. मग भीती वाटली, कारण भावाने आणि मी ज्याच्यावर विसंबून सगळं मिटवलं होतं ते मुळात नव्हतंच. की होतं? कागदाची ग्रेन पाच हातांवरून ओळखणारं डोकं बिघडलेलं कसं म्हणायचं? मी स्वतःशी हुज्जत घालत होते. भावाला फोन लावला आणि रिंग जायच्या आत तोडला. सांगितलं तर अकोटा सुटणार. नाही सांगितलं आणि उद्या गॅस चालू राहिला तर ते माझ्या माथी. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शेवटी मी काय केलं, तर नवी पानं केली. नवा कागद आणला, ओलं बोट फिरवून ग्रेन बघितली, दहाच्या दहा एकाच तावातून, एकाच दिशेने कापली. दोन दिवस पाट्याखाली ठेवली. दिसायला हुबेहूब जुन्यासारखी. जुनी पानं मिठाईच्या खोक्यात घालून ड्रॉवरमध्ये टाकली. कुणाला काही बोलले नाही. मला खोटं बोलता येत नाही असं मुलगी म्हणते, पण गप्प राहता येतं हे मला त्या आठवड्यात कळलं, आणि ते मला आवडलं नाही.

रविवारी मी अण्णांना आणायला गेले. इस्त्रीचा सदरा घालून ते खाली गेटपाशी उभे होते. पुलावरून येताना म्हणाले, "पाणी बरंच आहे, मगरी वर येतील." मी हूं म्हटलं.

पान हातात आलं तशी त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवला. खिडकीच्या उजेडात तिरकं धरून पाहिलं. मग खाली ठेवलं. मी "डोळे मिटा" म्हटलं, मगरींनी एकाला खाल्लं, "डोळे उघडा" म्हटलं, आणि माझी नजर त्यांच्यावरच होती. ते टेबलावरून एक एक पान बघत गेले. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून आले. सगळी पानं सपाट.

भांडण सुरू झालं. शेजारच्या भाईंचं म्हणणं की माझा नवरा फार गप्प आहे. नवऱ्याचं म्हणणं की तो नेहमीच गप्प असतो, बायकोला विचारा. मुलीने सांगितलं की वॉचमन ती आहे. अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, पण जो बोलत होता त्याच्याकडे नाही, आधी ज्याचं बोलून झालं होतं त्याच्याकडे. "वॉचमन कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. मुलीने पुन्हा सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी परत तेच विचारलं. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"अण्णा, तुमचं मत?"

त्यांनी सगळीकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग सगळे हसले. बा तर डोळे पुसायला लागल्या, म्हणाल्या, "सेक्रेटरीलाच काढा, बराबर छे." अण्णाही हसले. पण बाकीचे हसायला लागल्यावर, थोडं उशिरा. त्यांना विनोद करायचा नव्हता. समोर बसून दोन महिने खेळ चालवणारी मी खेळात नाही, माझ्यापुढे पान नाही, हे त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. पुढच्या डावात ते म्हणाले, "मी बघतो, तुम्ही खेळा."

मंडळी गेली. मुलगी मैत्रिणीला सोडायला गेली, नवरा कपबशा धुवायला. अण्णा पानं गोळा करत होते. गठ्ठा उभा धरून दोनदा टेबलावर ठोकला, आडवा धरून दोनदा, जसे छापखान्यात ठोकत तसे, आणि कडेवरून नख फिरवलं.

"या वेळी ग्रेन नीट धरलीस," ते म्हणाले. "आधीची दोन आडवी होती."

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्या रविवारी. हातात आलं तेव्हाच. म्हटलं सांगावं, बाइंडरची मुलगी आहे, लोक हसतील. मग तुम्ही सगळे बोलायला लागलात." ते थांबले. "कोण काय म्हणालं ते डोक्यात राहत नव्हतं गं. तिसरा बोलेपर्यंत पहिल्याचं जातं. पानं मात्र समोर असतात. ती कुठे जात नाहीत."

"मला सांगायचं होतंत, अण्णा." माझा आवाज चढला होता. मला रडू येतं तेव्हा तो चढतो.

"तू सांगितलंस?" त्यांनी गठ्ठ्याकडे पाहून विचारलं. ते रागावले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी साडेसहाला भाऊ फोन करतो, आणि खेळ सुरू झाल्यापासून त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. मी फोन स्पीकरवर टाकला, दर वेळी टाकते तसा. "काय ताई, किती पकडल्या आज अण्णांनी?"

मी अण्णांकडे पाहिलं. त्या वेळी त्यांनी मान हलवून नको म्हटलं असतं तर मी दोन सांगितलं असतं. खुशाल सांगितलं असतं, आणि जुनी पानं पुढच्या रविवारी पुन्हा टेबलावर आली असती. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"एकही नाही," अण्णा म्हणाले. "हरलो आज."

"असू दे हो," भाऊ हसला. "एखाद्या दिवशी होतं."

"एखाद्या दिवशी नाही. रोजच हरतोय. तुला दाखवलं ते खरं नव्हतं, बहिणीला विचार, ती सांगेल." अण्णांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "तू ये," ते म्हणाले. "आणि या वेळी सावकाश नको येऊस."